चाळणीच्या तोंडचे हूक

यंत्रं बंद असली की नाशिकजवळच्या अंबडच्या त्या शेडमध्ये माणसांचं बोलणं नको तितकं स्पष्ट ऐकू येई. एरवी ग्राइंडरच्या आवाजात शेजारी उभ्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. खंडेनवमीला मात्र लेथला झेंडूची माळ, वेल्डिंगच्या यंत्रांना हळदकुंकू, आणि दिवसभर कशालाही हात लावायचा नाही. म्हणूनच असेल, या घरातली निम्मी भांडणं खंडेनवमीलाच झालेली होती.

दोन हजार तीन सालच्या त्या दिवशी संध्या नवऱ्याबरोबर, मल्हारीबरोबर, शहरातल्या द्वारका भागातून सकाळीच माहेरच्या पूजेला आली. मल्हारीच्या ट्रकांमधून नाशिकचा कांदा बंदरावर जाई आणि परतताना बर्फातली मासळी येई. या येण्याजाण्यातूनच त्याने सासऱ्याला नवं काम आणून दिलं होतं. पूजेच्या मधोमध तेच मांडलेलं होतं: माणसाच्या छातीपर्यंत येईल अशी स्टीलची अंडाकृती चौकट, तिच्यात उभ्या सळ्या, आणि वरच्या अंगाला मोकळं तोंड. कोळंबीच्या ट्रॉलरचं जाळं समुद्रातून तासन्‌तास ओढलं जातं. ही जाळी त्याच्या पोटात तिरपी बसवायची. कोळंबी सळ्यांमधून मागच्या खोळीत जाते आणि आत सापडलेलं कासव सळ्यांवरून घसरत तोंडातून बाहेर पडतं. परदेशी गिऱ्हाइकाने अशी जाळी असल्याशिवाय कोळंबी घ्यायची नाही असं ठरवल्यापासून बोटवाल्यांना ती घेणं भाग होतं.

वर्षाच्या सुरुवातीला तिचा नकाशा पहिल्यांदा टेबलावर उलगडला, तेव्हा संध्याच्या वडिलांनी, देवरामने, चष्माही लावला नव्हता. "ही तर आपली चाळणी!" म्हणाला होता. नामपूरच्या बाजारात त्याने हयात घालवली ती कांद्याच्या चाळण्यांवर. त्याच सळ्या, तोच उतार. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, खाली गळते, मोठा कांदा घरंगळत तोंडाशी येतो. समुद्र त्याने एकदाच पाहिला होता, तोही मुंबईला, थोरल्या मुलाच्या, हिरामणच्या, डोळ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी. पण चाळणी त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पहिली खेप पावसाळ्याआधी गेली. आता मल्हारीने चौपट मोठं काम आणलं होतं. घरची रीत अशी, की दसऱ्याला धरायच्या कामाचा नमुना खंडेनवमीच्या पूजेत ठेवायचा आणि ज्याने काम आणलं त्याच्या हातून नारळ फोडायचा. नारळ फुटला की काम घेतलं. त्यानंतर माघार नाही.

"हं, जावईबापू," देवराम म्हणाला, "होऊ द्या."

मल्हारीने नारळ उचलला.

"नाना, थांबा जरा."

पल्लवी पुढे आली होती. हिरामणची ही थोरली मुलगी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजच्या मुलामुलींबरोबर कोकणात पक्षी बघायला म्हणून गेली होती, ती परवाच परतली. आल्यापासून कुणाशी धड बोलली नव्हती. प्रवासाने दमली असेल असं सगळ्यांनी धरलं होतं.

"आता काय काढलंस? मुहूर्त चाललाय."

"मुहूर्त संध्याकाळपर्यंत आहे, मी कॅलेंडरात बघितलंय. आधी हे बघा."

तिने एक फोटो पुढे केला. देवरामने तो हात लांब करून पाहिला आणि बायकोकडे, मंगलाबाईकडे, दिला.

"हाई काय शे बेटा?" मंगलाबाईने विचारलं. नाशिकला येऊन इतकी वर्षं झाली, तरी तिची बागलाणी सुटली नव्हती.

"कासव आहे, आजी."

"निजेल शे का?"

"मेलंय. किनाऱ्यावर अशी आणखी पडली होती. बुडून मेलेली."

"पान्यातलं जनावर पान्यात कसं बुडस?"

"ते श्वास घ्यायला वर येतं, आजी. म्हशीचं तोंड पाण्याखाली दाबून धरलं तर काय होईल? जाळ्यात अडकलं की त्याला वर येता येत नाही."

मल्हारी हसला. हसण्यात वाईटपणा नव्हता. "अगं वेडे, म्हणून तर ही जाळी. तुझ्या नानांनी कासवं वाचवायचं पुण्य केलंय."

"मीही तेच सांगत होते, काका. ही आमच्या घरी बनते म्हणून सगळ्यांमध्ये मिरवत होते. मग आम्ही बंदरावर गेलो. एका बोटीवर आपली जाळी होती. नानांचा ठसा होता तिच्यावर. तोंडाला पिशवी लावलेली होती."

"कसली पिशवी?" हिरामणने विचारलं.

"जाळ्याचीच. हुकांना अडकवलेली."

शेडबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती तीनदा फुरफुरली आणि बंद पडली. संध्याने पूजेतल्या जाळीकडे पाहिलं. वरच्या तोंडाच्या दोन बाजूंना दोन हूक होते, बाहेर वळलेले, कानस मारून गुळगुळीत केलेले. त्यांना कुंकूही लावलेलं होतं.

ते हूक या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. पूर्वी कांद्याच्या चाळणीच्या तोंडाशी एक बाई गोणीचं तोंड फाकवून दिवसभर बसायची. नामपूरला ती बाई म्हणजे मंगलाबाई होती. संध्याकाळी तिचे खांदे वर उचलत नसत, वेणी दुसऱ्या कुणाला तरी घालून द्यावी लागे. एका उन्हाळ्यात देवरामने चाळणीच्या तोंडाला दोन हूक जोडले आणि गोणी त्यांना अडकवली. बायकोचे हात मोकळे झाले. पुढच्या हंगामात अख्ख्या बागलाणात हुकाची चाळणी म्हटलं की देवरामची, असं झालं. नाशिकची शेड त्या दोन हुकांवर उभी राहिली, असं तो स्वतः म्हणायचा.

नकाशात हूक नव्हते. हिरामणने ते दाखवूनही दिलं होतं. "नकाशा काढणाऱ्यानं कधी गोणी धरली नसंल," म्हणून देवरामने त्याला उडवून लावलं. चाळणीला तोंड असतं ते मोठा माल बाहेर यायला, आणि तिथे गोणी लागते. जे तोंडातून बाहेर येतं ते जाऊच द्यायचं असतं, अशी चाळणी त्याच्या डोक्यात बसणं शक्य नव्हतं. वेल्डिंग हिरामणने केलं होतं.

"त्या बोटीवरचा माणूस मला काय म्हणाला सांगू?" पल्लवी म्हणाली. "म्हणाला, नाशिकची जाळी एक नंबर. बाकीच्यांची तोंडं शिवावी लागतात, मग तपासायला येणाऱ्यांना टाके दिसतात. हिला हूक आहेत. बंदरात पिशवी काढायची, समुद्रात लावायची. कुणाला कळत नाही."

"खोटं बोलत असंल," देवराम म्हणाला.

"त्याला काय ठाऊक मी कोण ते, नाना? तो कौतुक करत होता."

हिरामण मेव्हण्याकडे वळला. "दाजी, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

मल्हारीने नारळ या हातातून त्या हातात घेतला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. संध्याला त्याच्यातली ही गोष्ट लग्नापासून आवडत आली होती. "पार्टीने या वेळी मुद्दाम सांगितलंय," तो म्हणाला. "हूक पाहिजेतच."

"मग त्यात काय एवढं? हूक न लावता देऊ. विषय संपला."

"हूक नसतील तर ते दुसरीकडून करून घेतील. आपल्याकडे ते हुकासाठीच आलेत, दादा."

"घेऊ दे की," सुनील म्हणाला. हा धाकटा, बँकेत होता आणि पूजेला रजा टाकून आला होता. शेडच्या कामात त्याचा हात नव्हता, मतं मात्र होती. "कासवं मारायला शेड टाकली का आपण?"

"सुनीलराव, तुम्ही पंख्याखाली बसता. इथे कांद्याचा भाव पडला की चाळणीचं काम पडतं. गेल्या वर्षी दादाने निम्म्या पोरांना घरी बसवलं, ते बघितलं ना?" मल्हारी आता सगळ्यांना उद्देशून बोलत होता. "आपण लोखंड विकतो. विळा विकणारा विचारतो का, तू गवत कापणार की गळा?"

"गळा कापायला पाहिजे म्हणून विळा मागितला, तर विचारतो, दाजी."

हिरामणला हसू आलं, ते त्याने खोकल्यात दाबलं. पण लगेच म्हणाला, "सुन्या, बोलणं सोपं असतं. दाजींचं म्हणणं अगदीच चूक नाही. दिवाळी तोंडावर आहे. पोरांना काय सांगू, कासवासाठी घरी बसा?"

"बाबा!" पल्लवी म्हणाली.

"तू गप. तू शिकतेस ते या शेडवरच."

संध्या अजून काही बोलली नव्हती. माहेरच्या भांडणात लेकीने पडायचं नसतं आणि सासरच्या कामात बायकोने, असं ती मानत आली होती. हे भांडण दोन्हीकडचं होतं, म्हणून ती पूजेच्या ताटातल्या अक्षता उगीच सारख्या करत बसली होती.

तेवढ्यात मल्हारी उभा राहिला. "नाना, मी तिकडे शब्द देऊन आलोय. माझ्या शब्दाला या घरात किंमत नसेल, तर मी या दारात परत येणार नाही." मग बायकोकडे न बघता म्हणाला, "आणि मी येणार नाही तिथे हीपण येणार नाही."

हा माणूस एकदा म्हणाला की करतो, हे सगळे जाणून होते. थोरल्या भावाशी जमिनीवरून बिनसलं, तेव्हापासून तो त्याच्या घरच्या लग्नकार्यालासुद्धा गेला नव्हता.

आधी सुनील बदलला. "नाना," तो हळू आवाजात म्हणाला, "एवढी एक खेप करू. पुढचं पुढे बघू. ताईचा विचार करा."

"काका, आता तूसुद्धा?"

"पल्लू, तुला नाही कळायचं. तिचं घर आहे ते."

"पोरनं घर पहिले," मंगलाबाई म्हणाली. "कासवं देव सांभाळी लेई."

आणि मघापासून जावयाची बाजू घेणारा हिरामण हुकांकडे बघत म्हणाला, "नाही, आई. हे हूक मी लावलेत. आधी ठाऊक नव्हतं म्हणून लावले. आता ठाऊक असून कसे लावू?"

एका क्षणात दोन्ही भाऊ एकमेकांच्या जागी जाऊन बसले होते. आता देवरामने बोलायचं राहिलं होतं. त्याने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. म्हाताऱ्याचे हात मोठे होते, बोटांवर ठिणग्यांचे पांढरे डाग. त्याने त्या जाळीकडे एकदाही पाहिलं नाही.

"संध्या सांगल तसं," तो म्हणाला.

वरवर पाहता बापाने लेकीला मान दिला होता. संध्याला कळलं, की त्याने ते ओझं उचलून तिच्या पदरात टाकलं आहे. आपल्या हुकांबद्दल त्याला बोलायचं नव्हतं. आणि सगळे तिच्याकडे पाहत होते ते काय ऐकायचं आहे ते ठरवूनच. नवऱ्याविरुद्ध चारचौघांत बोलणारी बाई या घरात अजून झालेली नव्हती.

"मला एकच विचारायचंय," ती मल्हारीला म्हणाली. "तुम्ही मागे एकदा त्यांच्या बोटीवर गेला होतात, मुक्कामाला. ती पिशवी का लावतात?"

"आता ते कशाला?"

"मी सांगणार त्यावर सगळं ठरणार आहे ना? मग मला कळू दे."

मल्हारीने सुस्कारा सोडला. "तोंड उघडं राहिलं की थोडी कोळंबीही निसटते. खलाशाची कमाई मालातल्या वाट्यावर असते. बोट तांडेल चालवतो, त्याला मालकाला जाब द्यावा लागतो. कुणी हौसेनं करत नाही ते."

"आणि कासव?"

"ते पिशवीत जातं."

"मग?"

"मग काय? जाळं वर घेतलं की निघतं. कधी जिवंत असतं, कधी नसतं."

"तुम्ही बघितलंत?"

मल्हारी लेथकडे पाहत राहिला. बोलला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. "बघितलंय. परातीएवढं होतं. डोळे बाहेर आले होते, नाकातोंडाला फेस. खलाशी देव मानतात त्याला. त्यांनी त्याच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि उचलून पाण्यात सोडलं. त्यांना वाटलं पोहेल. दगडासारखं खाली गेलं."

बोलून झाल्यावर त्याचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. नारळ अजून तिथेच होता.

"मग हा नका फोडू," संध्या म्हणाली. "हूक नसलेली जाळी मांडा. तिच्यावर फोडा, मी तुम्हाला पहिली ओवाळीन. हिच्यावर नको."

"हुकाशिवाय काम नाही. सांगितलं ना मी."

"तर मग काम नाही."

मल्हारीने नारळ खाली ठेवला. आपटला नाही, लवंडू नये म्हणून त्याला तांदळाचा टेकू दिला. मग रुमालाने हात पुसून तो चपलांकडे गेला.

मंगलाबाई लगबगीने उठली. "जवाई, उपाशी नका जाऊ. सणाचा दिवस शे. पुरन झायेल शे."

"भूक नाही, मामी."

तो गेला. संध्याही उठली. पदर खोचून तिने चपला शोधल्या.

"आत्या, तू कशाला जातेस? थांब ना इथे," पल्लवी रडवेली झाली होती.

"थांबून काय करू? मी काही घर सोडून आलेली नाही," संध्या म्हणाली. बापाच्या समोर येऊन ती वाकली, पाया पडली. देवरामने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो उचलायला विसरला. शेवटी तिनेच तो बाजूला केला.

जीपमध्ये मल्हारी बसून होता. ती शेजारी बसेपर्यंत त्याने गाडी सुरू केली नाही. द्वारकेच्या चौकात ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली, तेव्हा तो म्हणाला, "सगळ्यांसमोर विचारलंस."

"घरी विचारलं असतं तर सांगितलं असतं?"

रांग पुढे सरकली होती. मागचे हॉर्न वाजवू लागले.

ते काम दुसऱ्याच कुणीतरी केलं. हूक लावूनच केलं. मल्हारीच्याच ट्रकांमधून ते किनाऱ्यावर गेलं आणि त्याने ते घरी लपवलं नाही. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात हिरामण पल्लवीला घेऊन बंदरावर जाऊन आला, बरोबर हातातला ग्राइंडर. पहिल्या खेपेच्या जाळ्यांचे हूक फुकट कापून देतो, असं त्याने बोटीबोटीवर सांगितलं. एका म्हाताऱ्या तांडेलाने कापू दिले. बाकीच्यांनी चहा पाजला. आपली चूक झाली असं देवराम पुढेही कधी म्हणाला नाही. पण त्या वर्षीपासून शेडमधून निघणाऱ्या मालावर त्याने आपला ठसा उठवू दिला नाही. ज्यांना देवरामची चाळणी हवी होती, त्यांनी ती हुकावरून ओळखावी, एवढंच राहिलं.

दिवाळीच्या पाडव्याला संध्याला माहेरी न्यायला कुणी आलं नाही, कारण मल्हारीने तसा निरोप धाडला होता. भाऊबीजेला भावांनी त्याच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही, हेही त्याने सांगितलं. संध्याने त्यावर वाद घातला नाही. सकाळी तिने नेहमीसारखी करंज्यांची ताटं केली, निरांजन लावलं आणि तबक घेऊन जिना उतरून खाली ट्रान्सपोर्टच्या आवारात आली.

हिरामण आणि सुनील फाटकाशी उभे होते. दोघांच्या अंगावर नवे शर्ट होते. दोघांनाही हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं. आवारात तीन ट्रक माल उतरवून उभे होते. हमाल सणाला गावी गेले होते, एक ड्रायव्हर नळाखाली तोंड धूत होता, त्याने बघून न बघितल्यासारखं केलं.

"इथेच?" सुनील म्हणाला.

"इथेच. पूर्वेकडे तोंड करा."

"ताई, आई विचारत होती..."

"आधी ओवाळू दे. मग सांग."

तिने तबक वर केलं तेव्हा ऑफिसचं दार वाजलं. मल्हारी बाहेर आला. बनियनवर होता, दाढी वाढलेली. त्याने मेव्हण्यांकडे पाहिलं नाही. सरळ ट्रकच्या मागे गेला, तिथले दोन रिकामे प्लास्टिकचे क्रेट दोन हातांत उचलून आणले आणि भावांच्या पुढ्यात पालथे घातले. एक डुगडुगत होता, त्याच्याखाली त्याने पायाने विटेचा तुकडा सारला.

"बसा," तो म्हणाला. "उभ्यानं ओवाळून घेत नाहीत."

आणि आत निघून गेला. दार मात्र त्याने लावलं नाही.

दोघं भाऊ बसले. क्रेट धुतलेले असले तरी त्यांना मासळीचा वास येत होता. रस्त्यावरून एक लॉरी गेली, तिच्या वाऱ्याने ज्योत आडवी झाली. संध्याने तिला हाताचा आडोसा केला, ती पुन्हा सरळ होईपर्यंत वाट पाहिली आणि हिरामणला कुंकू लावलं.